हात लागला पाहिजे

“हात लागलाच न्हाई!” बाबर सरांनी शिट्टी फुंकली आणि ते मैदानाच्या मधोमध येऊन उभे राहिले. “पूनम, खो पाठीवर हात लावून द्यायचा असतो. लांबून वरडून न्हाई. एस.टी. थांबवतीयास व्हय?”

ओळीत बसलेल्या मुली खिदळल्या. हसली नाही ती फक्त हर्षदा. पूनम तिच्याच पाठीमागे उभी होती. हात पुढे केलेला, पण बोटं आणि हर्षदाच्या पाठीमध्ये चांगलं वीतभर अंतर. पूनमनं परत ‘खो’ म्हटलं. या वेळी अंतर चार बोटं उरलं. सरांनी परत शिट्टी फुंकली.

“सर, द्या की सोडून,” हर्षदा मागे न बघताच म्हणाली. “माझ्या पाठीला करंट येतोय.”

मी मैदानाच्या कडेला हातात स्टॉपवॉच घेऊन उभी होते. वय बावीस, बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र. बोरजाईच्या हायस्कूलमध्ये विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या, त्यांच्या जागी सहा महिन्यांसाठी आलेली. घड्याळ नीट लावता येतं एवढ्या गुणावर बाबर सरांनी मला खो-खोच्या संघाला जोडून घेतलं होतं. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली, पण त्या दिवशीचं ते वीतभर अंतर मला अजून मोजून दाखवता येईल.

हर्षदा खिलारेला चौथीत असताना रक्ताचा कॅन्सर झाला होता. अडीच वर्षं मुंबईच्या दवाखान्यात येऊन-जाऊन उपचार झाले. ते संपून आठ महिने लोटले होते. तपासण्या चांगल्या होत्या, डोक्यावर नवे, आधीपेक्षा कुरळे केस आले होते आणि पळताना ती अशी वळायची, की मागच्या मुलीला ती कुठं गेली ते कळायचंच नाही. हे कुठं शिकलीस, असं मी एकदा विचारलं.

“दवाखान्यात,” ती म्हणाली. “तिथं सलाईनच्या स्टँडांची ओळ असायची. मी त्यातनं आत-बाहेर साखळी पळायचे. सिस्टर मागं. एकदा पण घावले न्हाई मी.”

अशी मुलगी संघात हवीच, हे बाबर सरांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. पण खो-खो हा सगळा हात लावायचाच खेळ. आणि हर्षदाला हात कोण लावणार?

त्या दिवशी सराव थांबवून मी सगळ्या मुलींना प्रयोगशाळेत नेलं. हर्षदालाही.

“तिच्या पाठीला हात का लावत नाही?” मी सरळच विचारलं. “कुणी रागावणार नाही. जे वाटतं ते बोला.”

मुली एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. मग कप्तान म्हणून पूनमच उभी राहिली. “मॅडम, दवाखान्यातनं आली तेव्हा हिच्या तोंडाला मास्क हुता. वर्षभर हुता. लागणारं नसतं तर कशाला बांधला असता? आमच्या गल्लीत सगळ्यांनी बघितलंय.”

“तो मास्क कुणासाठी होता?”

“आमच्यासाठी. हिचं आम्हाला हू नये म्हणून.”

मी खडू उचलला. मला अजून आठवतं, माझं मन अगदी उड्या मारत होतं. कॉलेजात तीन वर्षं शिकलेलं काहीतरी पहिल्यांदाच खरोखर उपयोगी पडणार होतं. फळ्यावर मी रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढल्या. हर्षदाच्या शरीरात याच पेशींपैकी काही बिघडल्या, वेड्यासारख्या वाढत सुटल्या. त्या मारायला औषध दिलं. पण औषधानं बिघडलेल्यांबरोबर चांगल्याही पेशी मेल्या, आणि जंतूंशी लढायला अंगात कुणी उरलंच नाही. आपल्याला साधी सर्दी झाली तर आपण दोन दिवस शिंकतो. तिला ती झाली असती, तर जिवावर बेतलं असतं.

“म्हणून मास्क,” मी म्हटलं. “तुमच्यापासून तिला वाचवायला. तिच्यापासून तुम्हाला नाही.”

पूनमचं तोंड उघडंच राहिलं. “म्हंजे आम्ही हिला लागणार हुतो?”

“हो.”

“आयला,” मागून कुणीतरी म्हणालं.

मग एकदम सगळ्यांना कंठ फुटला. माझी आजी म्हणते कॅन्सर तंबाखूनं होतो, मग हिनं खाल्ली होती का? हिच्या आईनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून झाला, ते खरं का? मी एकेकीला उत्तर देत होते. लहान मुलांच्या कॅन्सरला बहुतेक वेळा असं कुठलंच कारण सापडत नाही. तंबाखू नाही, ग्रहण नाही, आईचं तर काहीच नाही. तो स्पर्शातून जात नाही, ताटातून जात नाही, पाण्यातून जात नाही.

“पर कॅन्सर झालेलं माणूस वाचत न्हाई म्हंत्यात,” पूनम हळूच म्हणाली. “मग ही कशी काय...”

“मेले न्हाई म्हणून रुसलीयास व्हय?” हर्षदा बाकावरून उठली. “माझ्या वॉर्डातली निम्म्याच्या वर पोरं आता शाळेत जात्यात. तुझ्यापेक्षा जास्त मार्क पाडत्यात.”

सगळ्या हसल्या. पूनमही हसली, आणि हसताना ती हर्षदाकडे पाठ करून खिडकीकडे वळली. हर्षदानं संधी साधली. दोन पावलं टाकली, पूनमच्या पाठीवर फाडकन हात मारला आणि ओरडली, “खो!”

खो-खोची चार वर्षांची सवय. पूनम बाण सुटावा तशी सुटली. बाकाला वळसा घालून, दारातून बाहेर, थेट व्हरांड्याच्या खांबापर्यंत. तिथं पोचल्यावर तिला कळलं आपण काय केलं ते. ती खांबाला धरून उभी राहिली, वळून आमच्याकडे बघत. मग परत आली, हर्षदाच्या पाठीवर तितकाच जोरात हात हाणला आणि म्हणाली, “फिट्टंफाट.”

तो प्रश्न तिथं संपला. निदान मला तसं वाटलं.

पुढचे पाच आठवडे मी हवेत होते. स्पर्धेसाठी मी एक फाइलच केली. हर्षदाचे रक्ताचे ताजे रिपोर्ट, दवाखान्यातल्या डॉक्टरांचं पत्र, आयोजकांना मी स्वतः लिहिलेलं एक पानी निवेदन आणि त्याच्या प्रती, प्रत्येक शाळेसाठी एक. कुणाला काही शंका राहायलाच नको. बाबर सर म्हणाले, “मॅडम, तुम्ही खो-खो खेळायला चाललाय का कोर्टात?” पण त्यांनी प्रती नेऊन दिल्या.

आम्ही तालुक्याच्या अंतिम सामन्यात पोचलो. समोर कुंभेरी. चार वर्षं लागोपाठ चषक नेणारा संघ. त्यांची कप्तान ऋतुजा, लांब हाताची, काटक मुलगी. खांबापासून सूर मारायची तेव्हा मैदानावर धुळीचा पट्टा उठायचा.

चौदा वर्षांखालच्या मुलींचा सामना, सात मिनिटांची पाळी. नाणेफेक कुंभेरीनं जिंकली आणि त्यांनी पाठलाग घेतला. आमच्या पहिल्या तिघी आत गेल्या. पूनम पहिल्याच मिनिटाला बाद झाली. पाठोपाठ दुसरी, तिसरी. माझ्या घड्याळात दोन मिनिटं पंचवीस सेकंद.

दुसऱ्या तुकडीत हर्षदा होती. तिची आई मंगलताई माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर गरम पाण्याचा थर्मास घट्ट धरून. “मॅडम, लागंल का वं तिला?”

“काही नाही लागत. बघा तुम्ही.”

हर्षदाबरोबरच्या दोघी चार मिनिटं दहा सेकंदांपर्यंत बाद झाल्या. खो-खोत तुकडीतल्या तिघीही बाद झाल्याशिवाय पुढच्या तिघी आत येत नाहीत. म्हणजे आता मैदानात एकटी हर्षदा, आणि तिच्या मागे अख्खी कुंभेरी.

ती पळाली! बसलेल्या मुलींच्या मधून आत, बाहेर, आत, बाहेर. खांबापर्यंत जाऊन हूल, परत. पाच मिनिटं झाली. आमच्या मुली उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या. साडेपाच. मंगलताईंनी थर्मास सोडून माझा दंड धरला. सहा मिनिटं. बाबर सर दोन्ही हात डोक्यावर ठेवून नुसते येरझाऱ्या घालत होते. सात! शिट्टी झाली. हर्षदा नाबाद. मी ओरडून आकडा सांगितला, “चार मिनिटं पस्तीस सेकंद!” आणि माझा आवाज फाटला. या स्पर्धेत एवढा वेळ कुणी टिकलं नव्हतं.

कुंभेरीचे पाच गुण झाले. आम्ही पाठलागात सात मिळवले. मध्यंतराला दोन गुणांची आघाडी! मुलींनी हर्षदाला उचलायलाच घेतलं.

ती मात्र त्यांच्यातून सुटून माझ्याकडे आली. चेहरा पडलेला.

“मॅडम, मी दमले न्हाई.”

“म्हणजे?”

“साडेचार मिनिटं पळाले. माझा श्वास बघा की. सरावात पूनम मागं असली तर दोन मिनिटात फेस येतो तोंडाला.” तिनं ओठ चावला. “त्या मला बाद करत न्हाईत. ऋतुजाचा हात तीनदा माझ्या पाठीपाशी आला आणि मागं गेला. मला वारं लागलं हाताचं.”

मी डोळे मिटून ती मिनिटं परत बघितली. खरंच की. ऋतुजा, सूर मारणारी ऋतुजा, एकदाही जमिनीवर पडली नव्हती. खांबापाशी हर्षदा तिच्या टप्प्यात होती तेव्हा तिनं हात लांबवला होता आणि बोटं आत मिटून घेतली होती. मी हे बघितलं होतं. आनंदाच्या भरात त्याची नोंद घेतली नव्हती.

पुन्हा तेच वीतभर अंतर.

मला असा काही संताप आला की मी तडक मैदान ओलांडून कुंभेरीच्या तंबूत गेले. मुली लिंबाच्या फोडी चोखत बसल्या होत्या. त्यांचे सर पंचांकडे गेले होते. मी समोर उभी राहून सुरू केलं. कॅन्सर हा संसर्गजन्य रोग नाही. तो हात लावल्यानं होत नाही. पांढऱ्या पेशी म्हणजे...

ऋतुजानं शांतपणे सगळं ऐकलं. फोड बाजूला ठेवली. हात सदऱ्याला पुसले.

“मॅडम, माझ्या काकूला झालता कॅन्सर. मी तिच्याच ताटात जेवायचे. लागत न्हाई, ते ठावं हाय आम्हाला.”

“मग हात का मागे घेतलास?”

तिनं सरांच्या वहीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. “हे तुमचंच हाय न्हवं?”

माझंच निवेदन. माझं नीटनेटकं अक्षर. ‘सदर खेळाडू नुकतीच गंभीर आजारातून उठली आहे. तरी तिच्या पाठीवर जोराने हात मारू नये. सूर मारून तिला धरू नये. शक्यतो धक्का टाळावा.’

“सरांनी सकाळी मोठ्यानं वाचून दाखवलं,” ऋतुजा म्हणाली. “आता जोरात न मारता, सूर न मारता, धक्का न देता पळणारीला बाद कसं करायचं, तेवढं लिवायचं राहिलंय बघा यात.”

तिच्या मुली हसल्या. तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

मी माझ्या फाइलमधून डॉक्टरांचं पत्र काढलं. मला ते पाठ होतं, तरी काढलं. त्यात खेळाबद्दल एकच वाक्य होतं: ‘सर्व खेळ खेळण्यास हरकत नाही.’ सर्व. निवेदनातली ती तीन वाक्यं कुणी सांगितली नव्हती. ती माझी होती.

“तुम्ही लिवलंत?”

हर्षदा माझ्या मागेमागे आली होती. तिनं कागद माझ्या हातून घेतला, वाचला. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. माझ्या खिशातला पेन काढून तिनं माझ्यासमोर धरला.

“खोडा.”

तोवर बाबर सर पोचले होते. काय चाललंय ते कळल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, “मॅडम, दोन गुणांची आघाडी हाय. चार वर्षांनी चषक येतोय. सामना झाल्यावर खोडा की! पळून कुठं चाललाय कागद?”

“सर, आत्ता,” हर्षदा म्हणाली.

“अगं, ती ऋतुजा सूर मारती. फोडून काढंल तुला.”

“काढू दे.”

मी मंगलताईंकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, काहीही न लपवता. माझी चूकही. त्या थर्मासच्या झाकणाशी चाळा करत राहिल्या.

“डाक्टरांनी काय लिवलंय?”

मी ते वाक्य वाचून दाखवलं.

“परत वाचा.”

परत वाचलं.

“मग त्यांचंच खरं धरा,” त्या म्हणाल्या. “मी डोळं मिटून बसते.”

मी त्या तीन वाक्यांवर तीन रेघा मारल्या, खाली सही केली आणि कागद पंचांना दाखवून ऋतुजाला परत दिला. ती कागदाकडे बघत म्हणाली, “बघा हं मॅडम.” मग हर्षदाकडे वळली. “आता सोडत न्हाई तुला.”

“ये की मग,” हर्षदा म्हणाली. तिचे डोळे असे काही चमकत होते की मला एकदम भीती वाटली.

दुसऱ्या डावात कुंभेरी वेगळाच संघ होता. किंवा तोच, खरा. आमची पहिली तुकडी दोन मिनिटांच्या आत संपली. हर्षदा आत गेली. मी घड्याळ दाबलं.

या वेळी ती पहिल्यासारखी वाऱ्यावर पळत नव्हती. जीव खाऊन पळत होती. ऋतुजा तिच्या मागे लागली, खो दिला, परत उठली, परत लागली. दहा सेकंदांतच हर्षदाचं तोंड लाल झालं. वीस. तीस. एकदा ऋतुजाची बोटं तिच्या सदऱ्यापासून केसभर अंतरावरून गेली आणि सगळं मैदान ‘हाऽऽ’ करून ओरडलं. एक मिनिट. हर्षदा दम लागून वाकली, तरी पळत होती. मंगलताईंनी डोळे मिटले नव्हते. टक्क उघडे होते. दीड मिनिट! आमच्या मुली तिचं नाव एका तालात ओरडायला लागल्या. हर्षदा खांबाकडे धावली, डावीकडे हूल दिली, उजवीकडे वळली.

ऋतुजानं सूर मारला.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. ओल्या कपड्यावर धोपटणं पडावं तसा, पाठीवर अख्खा पंजा. दोघीही जमिनीवर आपटल्या. धूळ उठली.

ऋतुजा हातावर उठून बसली, पांढरीफटक. हर्षदा पालथी पडली होती. कोपर सोलवटलं होतं, रक्त येत होतं. मी धावले. धावताना डोक्यात रिपोर्टमधला एकच आकडा फिरत होता, रक्त गोठवणाऱ्या पेशींचा. व्यवस्थित आहे, मी स्वतःला सांगत होते. दोन लाख ऐंशी हजार. व्यवस्थित आहे.

हर्षदानं मान उचलली. तोंडात माती. तिनं पाठीमागे हात नेऊन सदरा चाचपला.

“लागला?” तिनं ऋतुजाला विचारलं.

“लागला की,” ऋतुजा घाबरत म्हणाली. “लई लागलं का?”

“हात लागला!” हर्षदा उठून उभी राहिली आणि दोन्ही मुठी वर करून आमच्या बाजूला ओरडली, “मॅडम, हात लागला! आई, बाद केलं मला!”

बाद झालेल्या मुलीनं असं नाचलेलं त्या पंचांनी कधी बघितलं नसावं. त्यांनी शिट्टी तोंडातच धरून ठेवली. तिच्या पांढऱ्या सदऱ्यावर पाठीमागे तांबड्या मातीत पाच बोटं उमटली होती. कोपराचं रक्त मी पाण्यानं धुऊन पट्टी बांधेपर्यंत थांबलंही होतं.

मी घड्याळ बघितलं. एक मिनिट बावन्न सेकंद.

कुंभेरीनं त्या डावात आठ गुण घेतले. त्यांचे तेरा. आम्हाला जिंकायला सात हवे होते, बरोबरीला सहा. साडेसहा मिनिटांत आम्ही पाच मिळवले. शेवटची दहा सेकंदं उरली असताना हर्षदा ऋतुजाच्या मागे होती. खांब जवळ आला. पूनम अगदी शेवटच्या चौकटीत खो घ्यायला ताणून बसली होती, ओरडत होती, “दे! दे! मला दे!” हर्षदानं दिला नाही. तिनं सूर मारला. ऋतुजा वीतभर पुढे निसटली. शिट्टी झाली.

एका गुणानं हरलो.

आम्ही परतीच्या टेंपोत बसलो. बाबर सर पुढे बसून आरशातून मागे बघत होते. मी फाइल मांडीवर घेऊन बसले होते. सामना मीच घालवला, असं मला वाटत होतं. मध्यंतराला त्या तीन रेघा मारल्या नसत्या, तर चषक आत्ता या टेंपोत असता.

मग पूनम हर्षदाकडे वळली. तिचे डोळे रडून सुजले होते.

“तुझ्यामुळं हरलो आपण.”

मी मधे पडायला तोंड उघडलं.

“मी वरडत हुते, दे म्हणून! बहिरी हायस का? खांबापाशी खो द्यायचा सोडून सूर कसला मारतीयास? मोठी आलीयास सूर मारणारी!”

हर्षदा क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. जणू आपल्याशीच बोलतेय का, याची खात्री करत. तीन वर्षांत तिला कुणी असं बोललं नव्हतं. तिच्यापुढे सगळे आवाज खाली करून बोलायचे.

“तू गप!” ती उसळली. “पहिल्या डावात पहिल्या मिनिटाला बाद झालीस ती कोण? मी? तू टिकली असतीस तर सहा गुण लागलेच नसते!”

“माझा पाय मुरगळला हुता!”

“रोज मुरगळतो तुझा!”

“आणि तू बाद झाल्यावर नाचत काय हुतीस? कुणाच्या संघात हायस तू?”

“माझी मर्जी!”

“ए, गप बसा गं!” बाबर सर पुढून ओरडले. “टेंपोतनं खाली उतरवीन दोघींना!”

कोपऱ्यात बसलेल्या मंगलताईंनी पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, लेकीला कुणी बोललं म्हणून त्यांना लागलं. पण त्यांनी पदर बाजूला केला, तेव्हा त्या हसत होत्या, आणि गालावरून पाणी ओघळत होतं.

“सर, राहू द्या वं,” त्या म्हणाल्या. “भांडू द्या त्यांना.”

दोघी बोरजाईच्या फाट्यापर्यंत भांडल्या. घड्याळ माझ्या गळ्यातच होतं. बावीस मिनिटं, चाळीस सेकंद.